आमचं काय चुकलं, ते सांगा

श्रावण जवळ आला की आमच्या घरी फोन सुरू होतात. “ताई, मंगळागौरीच्या खेळांची स्पर्धा ठेवलीय. परीक्षक म्हणून याल ना? फार वेळ नाही लागणार, चार ते सहा.” चार म्हणजे साडेपाच आणि सहा म्हणजे रात्रीचे साडेनऊ, हे आता मला पाठ झालंय. तरी मी जाते.

मी गावात कथकचा क्लास चालवते, एवढंच माझं भांडवल. नाच शिकवते म्हणजे नाचाला मार्क देता येत असणार, असं लोकांना वाटतं. मलाही तसंच वाटायचं. २००५ सालच्या श्रावणात पहिल्यांदा बोलावणं आलं, तेव्हा इस्त्रीची नारायणपेठ नेसून, केसात गजरा माळून मी अशी काही निघाले होते की सासूबाई म्हणाल्या, “अगं, खेळणार कोण आहे, तू की त्या?”

एका मंगल कार्यालयात स्पर्धा होती. पुढच्या रांगेत आम्हा तीन परीक्षकांसाठी सोफा, समोर टीपॉय, त्यावर पाण्याच्या बाटल्या. अकरा संघ. हातात शंभर मार्कांचा कागद, त्यावर वीस-वीस मार्कांचे पाच रकाने. वेशभूषा, ताळमेळ, खेळांची विविधता, हावभाव आणि एकूण परिणाम. हा ‘एकूण परिणाम’ म्हणजे नेमकं काय, ते मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. पहिल्याच दिवशी अज्ञान कोण दाखवणार!

पहिला संघ जवळच्या खेड्यातल्या बचत गटाचा होता. मसाले, पापड करणाऱ्या बारा बायका. जिच्या घरी जे नऊवारी होतं ते ती नेसून आलेली, त्यामुळे स्टेजवर रंगांची नुसती खिचडी. कॅसेट नाही, सीडी नाही, आपलं आपणच म्हणत होत्या. गोल धरला आणि झिम्मा, पिंगा, बसफुगडी, लाटणी, सूप, कोंबडा असं एकातून एक काढत गेल्या. मध्ये एकीला धाप लागली, तर शेजारणीने तिची ओळ उचलली. आमच्याकडे बहुतेक वेळ त्यांची पाठच होती. मी मार्क दिले ५४.

का ५४? खरं सांगायचं तर पहिलाच संघ होता म्हणून. शेजारच्या परीक्षक बाई कानात कुजबुजल्या होत्या, “पहिल्याला हात राखून द्यायचे, पुढे चांगले आले तर पंचाईत होते.” मी हात राखला. सहाव्या संघापर्यंत तो हात आपोआप सैल झाला आणि मी सत्तरच्या पुढे मार्क द्यायला लागले. पहिल्या कागदाकडे मात्र पुन्हा वळून पाहिलं नाही. शेवटी पहिला नंबर आला एकसारख्या जांभळ्या नऊवारीतल्या, सीडीवर सिनेमातली गाणी लावून आमच्याकडे तोंड करून नाचलेल्या संघाला. बचत गटाचा नंबर नववा.

निकालानंतर चहा घेताना त्यांच्यातली एक बाई माझ्याजवळ आली. नऊवारीचा काष्टा तसाच, खांद्यावर सूप-लाटण्यांची पिशवी. बाहेर त्यांचा टेम्पोवाला हॉर्न मारत होता. म्हणाली, “बाई, आमचं काय चुकलं ते सांगा. पुढल्या वर्षी सुधारू.”

मी पर्समधला कागद काढला. त्यावर फक्त आकडे होते. माझ्याच अक्षरातले आकडे, आणि त्यातला एकही मला सांगेना की यांचं काय चुकलं. मी म्हटलं, “नाही हो, छान केलंत तुम्ही.”

“छान केलं, तर नववा कसा?”

यावर मी काय बोलणार? तोवर टेम्पो सुरू झाला आणि ती गेली. पुढच्या वर्षी तो संघ आला नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. आणखी दोन-तीन वर्षांनी बाजारात तिची गाठ पडली. मी विचारलं, तर हसून म्हणाली, “घरचे म्हणाले, नवव्या नंबरासाठी टेम्पोचं भाडं कशाला भरता?” तिने मला एक मसाल्याचं पाकीटही दिलं, पैसे घेईना. मैत्रिणींनो, तो मसाला भाजीत घालताना मला फार जड गेलं.

त्यानंतर मी परीक्षक होणं सोडलं नाही, पण आयोजकांशी भांडायला मात्र शिकले. पहिलं भांडण बसण्याच्या जागेवरून. तुम्ही कधी बघितलंय का, चार फूट उंच स्टेजसमोर पहिल्या रांगेत खोल सोफ्यात बसलं की नाचणाऱ्यांची पावलं दिसतच नाहीत! गुडघ्याच्या वरचं दिसतं. म्हणजे त्या दिवशी आम्ही तिघींनी अकरा संघांच्या पावलांना न बघताच मार्क दिले होते. आता मी पाचव्या-सहाव्या रांगेत साधी खुर्ची आणि पुढे एक टेबल मागते. आयोजक म्हणतात, “ताई, तिकडे तुम्ही शोभत नाही.” मी म्हणते, शोभायला अध्यक्ष आहेत की.

दुसरं भांडण पहिल्या नंबराच्या चिठ्ठीचं. पहिली चिठ्ठी जिला निघते तिचा चेहरा पडतो, आणि ते अगदीच वेडेपणाचं नाही. ब्रसेल्सला राणी एलिझाबेथच्या नावाची पियानोची मोठी स्पर्धा होते. तिथेही वाजवण्याचा क्रम चिठ्ठ्या टाकूनच ठरतो. तरी पहिल्या दिवशी वाजवणाऱ्यांना वरचा नंबर मिळण्याची शक्यता कमी राहते, असं तिथल्या निकालांवरून अभ्यासकांनी १९९६ साली दाखवून दिलं. जगातले नावाजलेले कान जर असे फसतात, तर आमच्या सोफ्यावरची काय कथा! माझा उपाय घरगुती आहे. ज्या मंडळाची स्पर्धा, त्यांच्याच बायकांनी आधी पाच मिनिटं खेळून दाखवायचं, स्पर्धेबाहेर. त्यांना आम्ही मार्क देतो, एकमेकींना दाखवतो, हसतो, वाद घालतो आणि मग तो कागद फाडून टाकतो. पण तेवढ्याने डोळा बसतो. तुझे ३५ म्हणजे काय आणि माझे ३५ म्हणजे काय, ते कळतं.

हे आकडे फार लबाड असतात हो. समजा, दोन संघ आहेत आणि आम्ही तिघी. शंभरपैकी मार्क द्यायचेत. एका बाईंनी पहिल्या संघाला ७२ आणि दुसऱ्याला ७० दिले. दुसऱ्या बाईंनी ७१ आणि ७०. तिसऱ्या बाईंचा हात सढळ, त्यांनी पहिल्या संघाला ६० आणि दुसऱ्याला ७५ दिले. आता बेरीज करा. पहिल्याचे २०३, दुसऱ्याचे २१५. म्हणजे तिघींपैकी दोघींना पहिला संघ सरस वाटला आणि तरी बक्षीस दुसऱ्याला! तिसऱ्या बाईंनी लबाडी केली असंही नाही, त्यांची मार्क देण्याची पट्टीच लांब. म्हणून आता मी बेरजेऐवजी नंबर मांडायला सांगते. प्रत्येकीने आपल्या मार्कांवरून संघांना एक, दोन, तीन असे क्रम लावायचे आणि त्या क्रमांची बेरीज करायची. सगळ्यांत कमी बेरीज तो पहिला. वरच्या हिशेबात पहिल्या संघाचे चार आणि दुसऱ्याचे पाच होतात, म्हणजे दोघींचं मत टिकतं.

ही भानगड आपल्याच गावची आहे असंही समजू नका. फेब्रुवारी २००२ मध्ये सॉल्ट लेक सिटीच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये बर्फावरच्या जोडी-स्केटिंगचं सुवर्ण रशियाच्या जोडीला मिळालं आणि मग फ्रान्सच्या परीक्षक बाईंवर दबाव होता म्हणून एवढा गदारोळ झाला की कॅनडाच्या जोडीलाही सुवर्णपदक द्यावं लागलं. पुढे त्यांनी मार्कांची जुनी पद्धतच मोडीत काढली. आता सगळ्यांत वरचा आणि सगळ्यांत खालचा मार्क गाळून उरलेल्यांची सरासरी काढतात. आपल्याकडे परीक्षकच तीन, त्यातले दोन गाळले तर उरणार काय? म्हणून आपला नंबरांचा हिशेबच बरा.

दबावाचं म्हणाल तर तो आपल्याकडे फार गोड बोलून येतो. “ताई, तुम्ही ठरवाल तेच, फक्त एवढंच सांगते, त्या दुसऱ्या संघात आपल्या प्रायोजकांच्या घरच्या सगळ्या आहेत.” अशा वेळी वाद घालण्यात अर्थ नसतो. मी आधीच अट घालते. दर संघाचा कागद सहीसकट लगेच पाकिटात जाईल आणि पाकीट एका टेबलावर, सगळ्यांना दिसेल असं राहील. मध्यंतरात चहाबरोबर कुणी काहीही सुचवलं तरी आमच्या हातात खोडायला कागदच उरत नाही. आणि आपलीच माणसं स्पर्धेत असतील तर सरळ नाही म्हणून सांगावं. माझी जाऊ एका संघात होती त्या वर्षी मी परीक्षक झाले नाही. तिचा संघ तिसरा आला. “तू असतीस तर दुसरा तरी आला असता,” असं ती अजूनही म्हणते. म्हणूनच तर नव्हते!

वेशभूषेच्या वीस मार्कांवरून मी सगळ्यांत जास्त भांडले. वीस मार्क म्हणजे साडीच्या दुकानाला दिलेले मार्क. बारा बायकांच्या बारा एकसारख्या नऊवारी घ्यायच्या तर केवढा खर्च, आणि पापड लाटून पैसे जोडणाऱ्या बायकांनी तो कुठून करायचा? माझा आताचा कागद पन्नास मार्कांचा आहे. ताळमेळाला १५, खेळांना १५, गाणं आणि ठेक्याला १०, एका खेळातून दुसऱ्यात जाण्याच्या सलगतेला ५ आणि वेशभूषेला ५. त्या पाचातही मी एवढंच बघते की काष्टा पक्का आहे ना, पदर खोचलाय ना, फुगडी घालताना पायात काही अडकत नाही ना. साडी आजीची असो की आजच घेतलेली, मला देणंघेणं नाही. हा कागद स्पर्धेच्या दिवशी काढायचा नाही, प्रवेशाच्या फॉर्मबरोबर सगळ्या संघांना द्यायचा. वेळ संपल्यावर किती मार्क कापणार, वीज गेली किंवा गाणं अडकलं तर पुन्हा संधी मिळणार की नाही, तेही त्यातच. २००५ च्या सुमाराला भारनियमनाने असा कहर होता की एक संघ अंधारात पिंगा घालतोय आणि आम्ही मोबाईलच्या उजेडात मार्क लिहितोय, असंही झालंय.

पण माझी स्वतःची खरी चूक कागदात नव्हतीच. ती माझ्या डोळ्यात होती. कथकचा डोळा समोर बघणाऱ्या नाचाला सरावलेला. मंगळागौरीचे खेळ मुळात कुणाला दाखवायचे नाहीतच. लग्नानंतरची पाच वर्षं श्रावणातल्या मंगळवारी पूजा करायची आणि रात्र जागवायची, त्या जागरणाचे हे खेळ. बघायला कोण होतं? ज्या खेळत नव्हत्या त्या भिंतीला टेकून बसलेल्या, एवढ्याच. गोलाचं तोंड आतच असणार. बचत गटाच्या बायका आमच्याकडे पाठ करून खेळल्या, कारण त्या एकमेकींशी खेळत होत्या. मी मात्र हावभावांच्या रकान्यात त्यांना वीसपैकी सात दिले होते. चेहरे दिसले नाहीत म्हणून!

आता मी पहिलं मिनिट पेनच उचलत नाही, नुसती बघते. मग पावलं बघते. मग मुद्दाम कोपऱ्यातल्या, मागच्या बाईकडे बघते. पुढच्या दोघी नेहमीच चांगल्या असतात, त्यांना त्यासाठीच पुढे ठेवलेलं असतं. संघ कसा आहे ते मागची बाई सांगते. आणि एकीच्या खांद्यावर दुसरी, तिच्या खांद्यावर तिसरी असले मनोरे रचले तर मी टाळ्या वाजवत नाही. मार्कही देत नाही, आणि हे आधीच लिहून कळवलेलं असतं. गुळगुळीत स्टेज, पन्नाशीचे गुडघे आणि अंगावर नऊवार, पडली तर तिला महिनाभर कोण बघणार?

राहिला बोलण्याचा प्रश्न. टीव्हीवर नाचाच्या स्पर्धा सुरू झाल्यापासून परीक्षकांना माईक हातात आला की काहीतरी चटकदार बोलावंसं वाटतं. एकदा माझ्याच शेजारच्या परीक्षकांनी एका संघाला माईकवरून सांगितलं, “खेळ उत्तम, फक्त मधल्या ताईंनी जरा वजन कमी करा.” हॉलभर हशा पिकला. मधल्या ताईही हसल्या. बायका अशा वेळी हसतातच. पण नंतर बक्षीस घ्यायला बाकीच्या अकरा जणी आल्या, ती आली नाही. त्या दिवसापासून मी दुसरी अट घालते. माईकवर कुणा एकीबद्दल बोलायचं नाही. शरीर, वय, रंग यांबद्दल तर चिठ्ठीतही नाही.

तर ही चिठ्ठी. प्रत्येक संघाला प्रमाणपत्राबरोबर मी एक चिठ्ठी देते, पहिल्याला आणि शेवटच्यालाही. निकालाआधी कुणी ऐकत नाही आणि निकालानंतर कुणी थांबत नाही, म्हणून कागदच बरा. त्यात ‘छान’ आणि ‘सुधारणेस वाव’ हे शब्द मी स्वतःला बंद केलेत. एक ओळ जमलेल्या गोष्टीची, पण खेळाचं नाव घेऊन. म्हणजे ‘सुपांचा खेळ सुरू झाला तेव्हा बाराही सुपं एकाच वेळी वर गेली’ असं. मग एकच चूक, आणि ती कशी काढायची तेही. ‘पिंग्यात मागच्या दोघी गाणं ऐकून पाय टाकत नव्हत्या, पुढच्यांकडे बघून टाकत होत्या, म्हणून अर्धी टाळी मागे पडल्या. आठ दिवस एकमेकींकडे पाठ करून सराव करा.’ किंवा ‘फुगडीतून झिम्म्यात येताना दोन वेळा टक्कर झाली. कोण कुठे जाणार ते अंगणात खडूने आखून घ्या.’ चुका दहा दिसल्या तरी एकच लिहायची. दहा लिहिल्या तर घरी जाऊन भांडणंच होतात, कुणामुळे हरलो यावरून.

बाराव्या संघापर्यंत हात दुखून येतो. सहपरीक्षक म्हणतात, “कोण वाचतंय ताई?” मलाही पुष्कळ वर्षं तसंच वाटे.

२०२४ च्या श्रावणात शेजारच्या तालुक्यात गेले होते. निकाल लागला, शाल-श्रीफळ झालं, मी चपला शोधत होते, तर एक पंचविशीची मुलगी चिठ्ठी हातात घेऊन आली. तिचा संघ पाचवा होता. मला वाटलं, आता ही नंबरावरून बोलणार.

“मॅडम, तुम्ही लिहिलंय की झिम्म्यात आमची चौथी टाळी चुकत होती. ती चुकत नव्हती.”

“चुकत होती गं. तीन वेळा बघितलं मी. सगळ्या एका बाजूला आणि चौथ्या टाळीला तुम्ही दुसऱ्या बाजूला.”

“सगळ्याच जणी ना? मग चूक कशी? माझ्या आजीच्या गावाला चौथी टाळी उलटीकडच्या बाईला देतात. आम्ही तिच्याकडूनच शिकलो.”

मी चिठ्ठी परत मागितली. बारा जणी एकाच वेळी एकच चूक करत नसतात, एवढं साधं मला सुचलं नव्हतं. पाकीट बंद झालेलं, निकाल लागलेला, तो काही बदलता येत नव्हता. आयोजक बाईंना बोलावून मी त्यांच्यादेखत चिठ्ठीतली ती ओळ खोडली, खाली ‘परीक्षकाची चूक’ असं लिहून सही केली. ताळमेळाला मी १५ पैकी ९ दिले होते, तेही तिला सांगितलं. तिने हिशेब केला बहुतेक, पण बोलली नाही.

“आजी आहे का अजून?” मी विचारलं.

“आहे ना. आलीय. ती काय, खांबापाशी.”

खांबाला टेकून एक ठेंगणी म्हातारी उभी होती, हातात नातीची पर्स आणि कुणाचं तरी लहान मूल कडेवर. नातीने तिला सांगितलं, या बाईंना टाळी कळली नाही. आजीने मूल नातीकडे दिलं, पदर खोचला आणि मला म्हणाली, “पिशवी ठेव खाली. अशी समोर उभी राहा.”

खुर्च्या आवरणारी पोरं थांबून बघायला लागली. मी शाल, श्रीफळ, पिशवी सगळं खुर्चीवर ठेवलं. पहिल्या तीन टाळ्या जमल्या. चौथीला माझा हात वीस वर्षांच्या सवयीने गेला तो भलतीकडेच.

“चुकली,” आजी म्हणाली. “पहिल्यापासनं.”